फँटसी बेसबॉल: रविवारच्या आत कोणाला उचलू? (मदत हवी आहे)

हडसनकाठ | बुधवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथे बेसबॉल बघणारे बरेच जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून विचारतोय.

ऑफिसच्या लीगचं हे माझं चौथं वर्ष. बारा संघ (खऱ्या खेळाडूंचे आपण बनवलेले, त्यांच्या खऱ्या आकड्यांवर चालणारे), रोटो पद्धत (प्रत्येक प्रकारातल्या क्रमांकावरून गुण), नेहमीचे पाच-पाच प्रकार. हिटरचे रन, होम रन, आरबीआय (त्याच्या फटक्यावर आलेले रन), स्टील (चोरलेले बेस) आणि सरासरी. पिचरचे विजय, सेव्ह (शेवटी आघाडी राखणं), स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेले रन) आणि व्हिप (इनिंगमागे दिलेले हिट आणि वॉक). प्रत्येक प्रकारात पहिल्याला १२ गुण, शेवटच्याला १. कीपर (पुढच्या वर्षासाठी राखलेले खेळाडू) नाहीत, दर मार्चमध्ये पाटी कोरी.

सोमवारी माझ्या शॉर्टस्टॉपची (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) हॅमस्ट्रिंग गेली. दुसऱ्या बेसवर सरकताना पाय धरून बसला तेव्हाच कळलं. किमान सहा आठवडे. वेव्हरची, म्हणजे कोणाकडेच नसलेल्या खेळाडूंची, बोली रविवारी रात्री उघडते. १०० डॉलरच्या काल्पनिक बजेटपैकी माझ्याकडे ३१ उरलेत. समोर तिघे आहेत:

अ: वय २९. वर्षानुवर्षं मायनर लीगमध्ये (मेजर लीगच्या खालच्या लीग) घालवली. गेल्या १६ सामन्यांत .३९१ आणि ५ होम रन. ऑफिसात सगळे याच्याबद्दलच बोलतायत.

ब: वय २१. बारा दिवसांपूर्वी वर बोलावलाय. सरासरी .१८८, पण पळतो वाऱ्यासारखा.

क: वय ३३. सरासरी .२६२. रोज खेळतो, लाइनअपमध्ये (बॅटिंगच्या क्रमात) पहिला येतो. याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

नावं सांगत नाही, कारण आमच्या लीगमध्ये आणखी एक मराठी आहे आणि तो इथे वाचायला येतो. माझा कल ‘अ’कडे आहे. २५ डॉलर लावावेत असं वाटतंय.

पुणेरी_पॅसेंजर | रात्री ९:५२

बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण धागा वाचून उत्सुकता वाटली. हे आपल्या ड्रीम इलेव्हनसारखंच का?

हडसनकाठ | रात्री १०:०५

@पुणेरी_पॅसेंजर, नाही, बराच फरक आहे. तिथे एका सामन्यापुरता संघ करायचा, आणि कोहली तुमच्याही संघात असू शकतो, माझ्याही. इथे मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत एकच संघ चालवायचा. खरे संघ १६२ सामने खेळतात, म्हणजे जवळपास रोज सामना. आणि एक खेळाडू लीगमध्ये एकाच मालकाकडे. ड्राफ्टमध्ये (मोसमाआधीच्या निवडीत) कोणीच न घेतलेले उरतात ते वेव्हरवर. तिथून कोणाला उचलायचं यावर अर्धा मोसम ठरतो.

पुणेरी_पॅसेंजर | रात्री १०:०९

म्हणजे संसारच की! ड्रीम इलेव्हनचं पैसे लावायचं प्रकरण इकडे २०२५ च्या ऑगस्टात कायदा आल्यावर बंद झालं. तुमच्यात पैसे असतात?

हडसनकाठ | रात्री १०:१२

वर्षाच्या शेवटी हरलेले अकरा जण जिंकणाऱ्याला जेवायला नेतात. बस.

जुना_कट्टा | रात्री १०:४८

या खेळाचा जन्मच जेवणाच्या टेबलावर झालाय. १९८० साली डॅनियल ओक्रेंट आणि त्याचे मित्र न्यू यॉर्कच्या ला रोटिसरी फ्रान्सेज नावाच्या हॉटेलात जमायचे. त्या हॉटेलावरून रोटिसरी लीग, आणि त्याचं झालं रोटो. तेव्हा सगळे आकडे हाताने मांडायचे. मी १९९४ मध्ये शिकागोला आलो तेव्हाही आमच्या लॅबमध्ये एक पोरगा वर्तमानपत्रातले बॉक्स स्कोअर (सामन्याचे आकड्यांचे तक्ते) कापून वहीत डकवायचा. त्याच वर्षी १२ ऑगस्टला खेळाडूंचा संप सुरू झाला. वर्ल्ड सिरीजसुद्धा झाली नाही. पहिलं वर्ष माझं, आणि ते अर्ध्यावरच संपलं.

आता तुमच्या प्रश्नाकडे. ‘अ’ला हात लावू नका. २००६ साली डेट्रॉइटच्या ख्रिस शेल्टनने एप्रिलमध्ये १० होम रन मारले. मी रोज सकाळी चहा घेता घेता त्याचाच आकडा आधी बघायचो. राहवेना, म्हणून मे महिन्यात माझा एक चांगला पिचर देऊन त्याला घेतला. वर्षअखेर त्याचे एकूण होम रन किती? १६. जुलैच्या शेवटी तर त्याला मायनर लीगमध्ये परत पाठवलं. तो पिचर दुसऱ्याकडे जिंकत राहिला आणि मी सप्टेंबरपर्यंत ते बघत बसलो. अजून आठवलं की पोटात कालवतं.

कुरडई | रात्री ११:०२

काकांना अनुमोदन. २०२१ चा येर्मिन मर्सिडीज आठवा. व्हाइट सॉक्सकडून मोसमाची सुरुवात आठपैकी आठ हिटनी, एप्रिलमध्ये .४०० च्या वर. जुलैच्या सुरुवातीला ट्रिपल ए मध्ये, म्हणजे परत मायनर लीगला.

खानदेशी_वांगं | गुरुवार, सकाळी ७:३०

मला हे पटत नाही. शेल्टन आणि मर्सिडीजची उदाहरणं सगळे देतात, होजे बाउतिस्ताचं कोणी देत नाही. २००९ मध्ये टोरांटोकडून त्याचे १३ होम रन, त्यातले १० सप्टेंबरपासूनचे. २०१० मध्ये ५४! ‘एक महिना गरम होता, थंड होईल’ म्हणणारे बघत राहिले. मॅक्स मन्सीला ओकलंडने २०१७ मध्ये सोडून दिलं, पुढच्या वर्षी डॉजर्सकडून ३५ होम रन. पुरावा मिळेपर्यंत थांबलं तर तो खेळाडू वेव्हरवर राहतच नाही.

पण माझा मुद्दा ‘गरम आहे म्हणून घ्या’ असा नाही. बाउतिस्ताच्या बाबतीत काहीतरी बदललं होतं. त्याच्या कोचनी त्याला स्विंग लवकर सुरू करायला लावला होता, आणि त्यानंतर चेंडू उडायला लागले. तेव्हा विचारायचं ते हे: तुमच्या ‘अ’चं काय बदललंय? उभं राहणं, बॅट, पाय, काही? बदललं असेल तर २५ काय, ३१ लावा. नसेल तर जुना_कट्टा म्हणतायत ते बरोबर.

हडसनकाठ | सकाळी ८:१५

@खानदेशी_वांगं, बदलल्याचं कुठे वाचलं नाही. त्याच्या मुलाखती शोधल्या. तो म्हणतो, “चेंडू मस्त दिसतोय.”

खानदेशी_वांगं | सकाळी ८:२०

ते तर सगळेच म्हणतात. मग मी माझे २५ डॉलर मागे घेतो.

आकडेताई | सकाळी ९:४१

हडसनकाठ, सरासरी बाजूला ठेवा आणि मला ‘अ’चे एवढेच आकडे द्या: १६ सामन्यांत एकूण पाळ्या, वॉक (चार बॉल पडून फुकट मिळालेला बेस), स्ट्राइकआउट. ‘ब’चेही द्या.

हडसनकाठ | सकाळी १०:०३

अ: ६६ पाळ्या, २ वॉक, २० स्ट्राइकआउट. ६४ ॲट-बॅटमध्ये (वॉक वगैरे वगळून पाळ्या) २५ हिट, त्यात ५ होम रन.

ब: १० सामने, ३६ पाळ्या, ४ वॉक, ७ स्ट्राइकआउट. ३२ मध्ये ६ हिट, होम रन शून्य. ४ वेळा स्टीलचा प्रयत्न, चारही यशस्वी.

आकडेताई | सकाळी ११:१८

छान. कागद घ्या आणि माझ्याबरोबर करा.

‘अ’च्या ६४ मधून २० स्ट्राइकआउट वजा करा, ५ होम रन वजा करा. उरले ३९. म्हणजे ३९ वेळा चेंडू बॅटला लागून मैदानात पडला आणि फील्डरना तो पकडायची संधी होती. त्यातले हिट किती? २५ वजा ५, म्हणजे २०. एकोणचाळिसात वीस! एरवी सगळ्या लीगचा हा आकडा .३०० च्या आसपास फिरतो. म्हणजे ३९ पैकी साधारण १२ हिट व्हायला हवे होते. ८ जास्तीचे आहेत. कुठे दोन फील्डरच्या मधून गेलेला, कुठे पिचरच्या बोटांना लागून वळलेला, कुठे लाइनीवर पडलेला. ते ८ काढा: ६४ मध्ये १७. किती आलं? .२६६. तुमचा ‘क’ कितीवर आहे? .२६२.

आणि हे पाचही होम रन खरे धरून. त्यात ६६ पाळ्यांत २० स्ट्राइकआउट म्हणजे ३० टक्के, आणि वॉक फक्त दोन. स्ट्राइकआउटचं प्रमाण साठेक पाळ्यांत बऱ्यापैकी खरं बोलायला लागतं. सरासरी मात्र वर्षभरातसुद्धा नीट बोलत नाही. म्हणून लहान नमुन्यात मी स्ट्राइकआउट आधी बघते.

आता ‘ब’. ३६ पाळ्या फार थोड्या, त्यावर घर बांधू नका. पण एकविसाव्या वर्षी, पहिल्या दहा सामन्यांत, जगातल्या सगळ्यात चांगल्या पिचरसमोर फक्त ७ स्ट्राइकआउट आणि ४ वॉक? मला हा मुलगा आवडला. २०१५ पासून स्टॅटकास्ट (मेजर लीगची मोजणी यंत्रणा) बॅटवरून निघालेल्या प्रत्येक चेंडूचा वेग मोजतं. ताशी ९५ मैल किंवा त्याच्या वर गेला तर ‘हार्ड हिट’ धरतात. त्याचं ते पान उघडून बघा.

(मी रुग्णांच्या चाचण्यांचे आकडे बघते. सोळा पेशंट बरे झाले म्हणून औषध बाजारात आणत नाहीत.)

पुणेरी_पॅसेंजर | सकाळी ११:२५

ताई, बेसबॉल अजून कळला नाही, पण हे गणित कळलं. वाचनखूण साठवली.

जुना_कट्टा | दुपारी १२:१०

आकडेताईंचा हिशोब बिनतोड आहे, पण मी डोळ्यांचा माणूस. हडसनकाठ, तुम्ही या ‘ब’ला खेळताना बघितलंय का? नुसत्या ॲपवर नाही, प्रत्यक्ष सामन्यात?

हडसनकाठ | दुपारी १२:३४

हो, काल रात्री बघितला. सातव्या इनिंगमध्ये दोन स्ट्राइक झाल्यावर समोरचा डावरा एकामागून एक स्लायडर टाकत होता, बाहेर जाणारे. त्याने चार फाउल केले, दोन सोडले. नवव्या चेंडूवर शॉर्टस्टॉपकडे मार लागला आणि आउट झाला. पण पहिल्या बेसपर्यंत असा पळाला की फेकी येईपर्यंत सगळ्यांचा श्वास अडकला. बॉक्स स्कोअरमध्ये तो नुसता एक आउट दिसतो.

जुना_कट्टा | दुपारी १२:४०

मग उत्तर तुमच्याजवळच आहे. नऊ चेंडू खेळून आउट होणारा पोरगा महिनाभरात मारायला लागतो.

मैलउंच | दुपारी १:५५

डेन्व्हरहून. ‘अ’चे ते १६ सामने कुठे झाले, एवढं सांगाल?

हडसनकाठ | दुपारी २:२०

बघितलं. १६ पैकी ९ कूर्स फील्डवर, म्हणजे रॉकीजच्या डेन्व्हरमधल्या मैदानावर. ५ पैकी ४ होम रन तिथलेच. अरे देवा.

मैलउंच | दुपारी २:४७

शंका होतीच. इथली उंची ५,२८० फूट, म्हणजे पुरता एक मैल. वरच्या मजल्यावर विसावी रांग जांभळ्या रंगाची आहे, ती बरोबर मैलावर. मी मुलांना घेऊन मुद्दाम त्या रांगेत बसतो, मे महिन्यातसुद्धा स्वेटर घालून.

हवा विरळ म्हणून मारलेला चेंडू लांब जातो, हे सगळ्यांना माहीत असतं. दोन गोष्टी लोक विसरतात. एक, विरळ हवेत पिचरचा वळणारा चेंडू कमी वळतो, कर्व्ह लटकून राहतो. दोन, होम रन खूप होणार म्हणून आउटफील्ड मोठं बांधलंय, त्यामुळे फील्डरच्या मध्ये मोकळी जागा भरपूर. साधे उडालेले चेंडू तिथे पडतात. २००२ पासून चेंडू दमट खोलीत ठेवतात, त्याने थोडा आळा बसला, पण जागा तेवढीच मोठी. आकडेताईंचे ते जास्तीचे ८ हिट आहेत ना, त्यातले निम्मे तरी आमच्या गवतात सापडतील.

घरी असेल त्या आठवड्यात असा खेळाडू सोनं. पण पुढच्या आठवड्यात रॉकीज सहाही सामने बाहेर खेळणार.

कुरडई | दुपारी २:५९

आता ‘अ’चं नाव न सांगण्यात काय राहिलं? सगळ्या महाराष्ट्राला कळलं.

गल्लीक्रिकेट | दुपारी ३:३१

मीच तो लीगमधला दुसरा मराठी.

अरे, मी पहिल्या परिच्छेदातच ओळखलं होतं. सोमवारपासून कॅफेटेरियात हॅमस्ट्रिंग हॅमस्ट्रिंग कोण करतंय? वाचत बसणं बरं वाटेना म्हणून लिहितोय. मला शॉर्टस्टॉप नको आहे, माझा उत्तम चाललाय. मला सेव्ह हवेत, माझे दोन्ही क्लोजर (शेवटच्या इनिंगचे पिचर) महिन्याभरात गेले. या तिघांवर मी बोली लावणार नाही, शब्द देतो. इथे निवांत चर्चा कर.

हडसनकाठ | दुपारी ३:४०

भाऊ, मानलं तुला. उद्याचा चहा माझ्याकडून.

फिली_तात्या | दुपारी ३:४४

असा प्रतिस्पर्धी मिळायला भाग्य लागतं. आमच्या लीगमध्ये सख्ख्या मेहुण्याने माझा क्लोजर पळवलाय.

पुणेरी_पॅसेंजर | संध्याकाळी ५:०५

अवांतर विचारू का? या मेजर लीगमध्ये आपलं कोणी आहे का?

मैलउंच | संध्याकाळी ५:३०

टेक्सास रेंजर्सचा पिचर कुमार रॉकर. त्याची आई भारतीय वंशाची. २०२३ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये पहिला सामना खेळला. त्याआधी २००८ मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशच्या दोन भालाफेकपटूंना टीव्हीवरच्या स्पर्धेतून निवडून पिट्सबर्गने करारबद्ध केलं होतं. ते मेजर लीगपर्यंत पोचले नाहीत, पण त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बेसबॉल हातात धरला तो त्या स्पर्धेसाठी, हे लक्षात घ्या.

कुरडई | संध्याकाळी ५:४१

माझ्या नऊ वर्षांच्या लेकाने फक्त नावासाठी रॉकरला आमच्या संघात घ्यायला लावलं. ‘कुमार’ असं टीव्हीवर दिसलं की उड्या मारतो. असा एक खेळाडू प्रत्येक संघात असावा, माझं ठाम मत आहे.

रेवदंडा | गुरुवार, रात्री ९:१५

सगळं वाचलं. अ, ब, क यावर इतकं बोलून झालं, पण दोन गोष्टी कोणी विचारल्याच नाहीत. हडसनकाठ, तुमचा तक्ता काय म्हणतो? आणि जागा करायला सोडणार कोणाला?

हडसनकाठ | रात्री ९:५०

तक्ता: होम रन ३रा, आरबीआय ४था, सरासरी ६वा, रन ८वा, स्टील ९वा.

सोडणार आहे माझ्या पहिल्या बेसवाल्याला. तिसऱ्या फेरीत घेतला होता, .२१४ वर आहे. दोन महिने रोज रात्री त्याचा शून्य बघून वैताग आलाय. आता तोंड बघवत नाही.

रेवदंडा | रात्री १०:२०

थांबा!

आधी तक्ता. होम रनमध्ये तुमच्या पुढचा किती पुढे आहे, मागचा किती मागे? आणि स्टीलमध्ये?

हडसनकाठ | रात्री १०:३१

होम रन: पुढचा १४ ने पुढे, मागचा ११ ने मागे. स्टील: माझे ४८. वरचे ५०, ५२, ५३. रनमध्ये ७वा माझ्यापेक्षा ६ ने पुढे.

रेवदंडा | रात्री ११:०४

बघा. ‘अ’ने सहा आठवड्यांत ८ होम रन मारले तरी तुम्ही तिसरेच. शून्य मारले तरी तिसरेच. त्याच्यासाठी दिलेल्या २५ डॉलरचा एक गुणही होत नाही. आणि सहा स्टील जास्त मिळाले तर एकदम तीन पायऱ्या वर! सगळे खेळाडूची किंमत विचारतात, मी आधी माझ्या तक्त्यात भोक कुठे आहे ते बघतो.

आता सोडण्याचं. तुमच्या लीगमध्ये आयएलच्या (दुखापतग्रस्तांच्या) जागा असतीलच. शॉर्टस्टॉप तिथे का नाही?

हडसनकाठ | रात्री ११:१२

दोन जागा आहेत, दोन्ही भरलेल्या. एकात आउटफील्डर, तो पुढच्या बुधवारी परत येतोय. दुसऱ्यात माझा पिचर. एप्रिलमध्ये टॉमी जॉन झाली.

आकडेताई | रात्री ११:१५

टॉमी जॉन?? एप्रिलमध्ये??

रेवदंडा | रात्री ११:३३

हडसनकाठ, कोपराचं लिगामेंट नव्याने बसवतात ती शस्त्रक्रिया. १९७४ मध्ये डॉक्टर फ्रँक जोब यांनी टॉमी जॉनवर पहिल्यांदा केली, म्हणून हे नाव. पिचरला परतायला वर्ष तरी जातं, बऱ्याचदा दीड. तो या मोसमात एकही चेंडू टाकणार नाही. आणि तुमच्याकडे कीपर नाहीत, तुम्हीच पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय. मग ती जागा अडवून काय मिळवताय?

हडसनकाठ | शुक्रवार, रात्री १२:०८

माहीत होतं. खरं सांगू का, सोडवत नाहीये. गेल्या सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही दोन संघ बरोबरीवर होतो. याने आठ इनिंगमध्ये ११ स्ट्राइकआउट घेतले आणि मी अर्ध्या गुणाने जिंकलो. तो सामना मी बाबांबरोबर व्हिडिओ कॉलवर बघितला. ते नाशिकला, तिथे पहाट झालेली. त्यांना नियम माहीत नाहीत, पण प्रत्येक स्ट्राइकआउटला “गेला!” म्हणत होते. एप्रिलमध्ये याच्या कोपराची बातमी आली तेव्हा सगळ्यात आधी त्यांनाच सांगितलं.

कुरडई | रात्री १२:२०

हे वाचून गलबलून आलं हो. पण सोडा त्याला. तो तुमच्या संघातून गेला तरी ती पहाट जात नाही. पुढच्या मोसमात परतला की ड्राफ्टमध्ये तुमच्याच नावावर लिहा.

आणि त्या पहिल्या बेसवाल्याला धरून ठेवा! मी न्यू यॉर्क मेट्सची चाहती. २०२४ मध्ये मे महिन्याच्या मध्यापर्यंत लिंडोरची सरासरी .२०० च्या खाली होती. आमच्या लीगमध्ये त्याला बेंचवर बसवणारे होते, विकायला काढणारे होते. मग त्याला लाइनअपमध्ये पहिला पाठवायला लागले. वर्षअखेर .२७३, ३३ होम रन, २९ स्टील, आणि एमव्हीपीच्या (सर्वोत्तम खेळाडूच्या) मतदानात ओहतानीच्या पाठोपाठ दुसरा. अशा खेळाडूला जूनमध्ये सोडायचं नसतं.

फिली_तात्या | सकाळी ६:५०

कुरडईताईंना माझ्याकडून जोड. ऑगस्ट २०२३, फिलाडेल्फिया. ट्रे टर्नरसाठी एवढे पैसे मोजले आणि हा बॅट हलवेना. आमचं गाव दयेसाठी प्रसिद्ध नाही, हे सगळ्या अमेरिकेला माहीत आहे. पण त्या शुक्रवारी तो बॅटिंगला आला आणि अख्खं स्टेडियम उभं राहिलं. मी डावीकडच्या स्टँडमध्ये होतो. माझ्या शेजारचा म्हातारा, जो मेपासून त्याला शिव्या घालत होता, तोही उभा राहून टाळ्या वाजवत होता. त्यानंतर टर्नर जो सुटला तो सप्टेंबर संपेपर्यंत. मी त्याला दोनच आठवड्यांपूर्वी वेव्हरवर टाकला होता. पहिल्या तीन फेऱ्यांतला खेळाडू दुखापत नसेल तर सोडायचा नाही, तेव्हापासूनचा माझा नेम.

आकडेताई | सकाळी ९:१०

पहिल्या बेसवाल्याचा हिशोबही बघितला. स्ट्राइकआउट दरवर्षीइतकेच असतील आणि चेंडू तितक्याच जोरात लागत असेल तर तो येणार. ‘अ’च्या नेमकं उलट चाललंय त्याचं.

खानदेशी_वांगं | सकाळी ९:४५

मग आता खरी लढत ब आणि क मध्ये. माझं मत ‘ब’. संघ जूनमध्ये आपला लाडका पोरगा वर आणतो तो बहुतेक वेळा रोज खेळवायलाच. आणि पहिल्या महिन्यावरून कोणाला मोजू नये. २०११ मध्ये माइक ट्राउट ४० सामन्यांत .२२० वर होता. पुढच्या वर्षी .३२६, ३० होम रन, ४९ स्टील.

जुना_कट्टा | सकाळी १०:०२

एका ट्राउटमागे दहा जण असे असतात जे पहिलं वर्ष चाचपडण्यातच घालवतात. तरीही माझंही मत ‘ब’.

रेवदंडा | सकाळी १०:४०

‘ब’ लाइनअपमध्ये कितवा येतो?

हडसनकाठ | सकाळी १०:४४

नववा. ‘क’ पहिला, हे तर सांगितलंच आहे. ‘क’चे यंदा ९ स्टील आणि ४४ रन.

रेवदंडा | सकाळी ११:२५

हे मोठं आहे. लाइनअपमध्ये एक पायरी खाली गेलं की मोसमभरात साधारण १५ ते २० पाळ्या कमी होतात. पहिला आणि नववा यांच्यात आठ पायऱ्या. सहा आठवड्यांत तीस-बत्तीस पाळ्यांचा फरक पडतो, म्हणजे आठवडाभराचा खेळच. रनसाठी तर पहिला तो पहिलाच, त्याच्यामागे संघाचे सगळ्यात चांगले मारणारे येतात.

आणि स्टीलचं म्हणाल तर २०२३ पासून ते पूर्वीसारखे दुर्मीळ राहिले नाहीत. बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे केले, पिचरला रनरकडे वळायला मर्यादा घातली. २०२२ मध्ये सगळ्या लीगमध्ये मिळून २,४८६ स्टील, २०२३ मध्ये ३,५०३. त्यामुळे नुसत्या पळणाऱ्यासाठी सगळा खिसा रिकामा करू नका. ‘क’सुद्धा सहा आठवड्यांत पाच स्टील देईल, वर रन देईल, आणि त्याच्यावर कोणी बोलीच लावणार नाही.

मी असतो तर दोन्ही बोल्या लावल्या असत्या. ‘ब’वर माफक, आणि तो नाही मिळाला तर ‘क’.

खानदेशी_वांगं | सकाळी ११:३८

सहमत, पण ‘ब’वर माफक म्हणजे २० तरी. ट्रेड डेडलाइनच्या (खरे संघ खेळाडूंची अदलाबदल करू शकतात ती शेवटची तारीख) वेळी नवे क्लोजर येतील, तेव्हा लागणारे १० तेवढे राखा.

हडसनकाठ | रविवार, रात्री ११:२०

बोल्या टाकल्या. ब: १९. तो गेला तर क: २. ‘अ’वर काही नाही.

पिचरला सोडलं. आधी बाबांना फोन केला. ते म्हणाले, “अरे, हात बरा व्हायला वेळ लागतो, त्याला आराम करू दे. तू तुझं बघ.” मग बटण दाबलं. त्याचं नाव यादीतून गेलं आणि तिथे शॉर्टस्टॉप आला. पहिला बेसवाला जागेवर आहे.

हडसनकाठ | सोमवार, सकाळी ७:०५

निकाल: ‘अ’ ४१ डॉलरला अकाउंट्सच्या एकाकडे गेला. ‘ब’ २६ ला, लीगमध्ये पहिल्या नंबरवर आहे तिच्याकडे. मला ‘क’ मिळाला, २ डॉलरमध्ये. दुसरी बोलीच नव्हती.

‘ब’ गेल्याचं वाईट वाटतंय. तो फार मोठा होणार आहे.

जुना_कट्टा | सकाळी ७:३०

मला तुमच्यापेक्षा जास्त वाटतंय. पण २६ च्या वर जायला मीही सांगितलं नसतं.

फिली_तात्या | सकाळी ८:१२

४१ डॉलर! आणि संघ आठवडाभर बाहेर!

हडसनकाठ | सोमवार, रात्री ९:५८

पहिला सामना झाला. ‘क’ पहिल्याच पाळीत वॉक घेऊन बेसवर. दुसऱ्या चेंडूवर दुसरा बेस चोरला. मी घरी परतताना पाथ ट्रेनमध्ये उभा होतो, बोगद्यात नेटवर्क गेलं, बाहेर आल्यावर बघतो तर तो होम प्लेटवर पोचलेला. रात्रीचा हिशोब: ४ मध्ये १ हिट, २ रन, १ स्टील. स्टीलमध्ये ४९.

आणि पहिल्या बेसवाल्याने डबल मारला.

कुरडई | रात्री १०:०१

!!!

रेवदंडा | रात्री १०:१०

आता बुधवारी तो आउटफील्डर परतला की कोणाला बेंचवर बसवणार ते आत्ताच ठरवून ठेवा.

गल्लीक्रिकेट | रात्री १०:२६

अभिनंदन रे. मंडळी, आता माझं बघा. सेव्हमध्ये मी अकरावा आहे, खिशात १४ डॉलर. वेव्हरवर दोन रिलीव्हर (बदली पिचर) आहेत. एकाच्या संघाचा क्लोजर लागोपाठ दोन सामन्यांत फुटलाय आणि काल नवव्या इनिंगमध्ये त्याने हॉट डॉग विकणाऱ्यांसारखी घाम पुसायची फडकी तीनदा बदलली. दुसऱ्याच्या संघाचा मॅनेजर म्हणतो, नववी इनिंग दोघांत वाटणार. कोणाला उचलू?

आकडेताई | रात्री १०:३३

स्ट्राइकआउट आणि वॉक द्या. दोघांचेही.